मोडलेले प्लॅस्टिक आणि योग्य चिकटद्रव्य

घरातील वस्तूंचे मोडलेले प्लॅस्टिक भाग चिकटवण्याचे अनेक प्रयत्न फसतात, आणि त्याचा दोष सहसा चिकटद्रव्याच्या प्रतीवर टाकला जातो. प्रत्यक्षात ते चिकटद्रव्य त्या विशिष्ट प्लॅस्टिकसाठी बनलेलेच नसते. ‘प्लॅस्टिक’ या एका नावाखाली रासायनिक रचनेने एकमेकांपासून दूर असलेले अनेक पदार्थ येतात. बादलीचे पॉलिएथिलीन, खुर्चीचे पॉलिप्रॉपिलीन, रिमोटच्या कवचाचे एबीएस, फ्रिजमधील भाजीच्या पारदर्शक खणाचे पॉलिस्टायरीन आणि नळाच्या पाइपचे पीव्हीसी हे सगळे दिसायला एका जातीचे वाटले, तरी त्यांपैकी एकाला कायमचे जोडणारे द्रव्य दुसऱ्यावरून नखाने सोलून निघते. म्हणून ‘सर्वांत पक्का गोंद कोणता’ हा दुकानात विचारला जाणारा प्रश्न अपुरा ठरतो. मोडलेला भाग कोणत्या प्लॅस्टिकचा आहे, सांध्यावर जोर कोणत्या दिशेने पडणार आहे आणि तो भाग पाणी, ऊन किंवा उष्णता यांपैकी कशाला तोंड देणार आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की चिकटद्रव्याची निवड बव्हंशी आपोआप ठरते.

चिकटणे म्हणजे काय

कोणताही सांधा दोन प्रकारच्या बळांवर टिकतो. चिकटद्रव्य आणि वस्तूचा पृष्ठभाग यांच्यामधील आकर्षणाला ‘आसंजन’ म्हणतात, तर चिकटद्रव्याच्या स्वतःच्या कणांना एकत्र धरून ठेवणाऱ्या बळाला ‘संसंजन’ म्हणतात. सांधा उकलल्यावर दोन्ही तुकड्यांवर द्रव्याचा थर उरला असेल, तर संसंजन कमी पडले असे समजावे. एक तुकडा स्वच्छ आणि दुसऱ्यावर संपूर्ण थर असेल, तर आसंजन झालेच नव्हते. प्लॅस्टिकच्या दुरुस्तीत बहुधा हा दुसरा प्रकार दिसतो.

आसंजन होण्यासाठी द्रवरूप चिकटद्रव्य पृष्ठभागावर नीट पसरावे लागते. अळवाच्या पानावर पाणी जसे थेंबाथेंबाने गोळा होऊन घरंगळते, तसे चिकटद्रव्य गोळा झाले, तर ते सुकल्यावर कितीही कठीण झाले तरी उपयोग नसतो. पसरण्याची ही क्षमता घन पदार्थाच्या ‘पृष्ठऊर्जे’वर आणि द्रवाच्या ‘पृष्ठताणा’वर अवलंबून असते, आणि साधारण नियम असा की, घनाची पृष्ठऊर्जा द्रवाच्या पृष्ठताणापेक्षा जास्त किंवा निदान त्याच्या जवळपास असली तरच द्रव चांगला पसरतो. पाण्याचा पृष्ठताण सुमारे ७३ मिलिन्यूटन प्रति मीटर असतो, तर इपॉक्सी रेझिनचा सुमारे ४५. याच एककात पॉलिएथिलीनची पृष्ठऊर्जा सुमारे ३१, पॉलिप्रॉपिलीनची सुमारे ३० आणि न चिकटणाऱ्या तव्यावरील टेफ्लॉनची २०च्याही खाली असते. पीव्हीसी, ॲक्रिलिक, एबीएस, पॉलिकार्बोनेट आणि नायलॉन मात्र साधारण ३८ ते ४६ या पट्ट्यात येतात. बादली आणि खुर्ची चिकटत नाही, पण रिमोट चिकटतो, याचे मूळ कारण या आकड्यांत आहे.

प्लॅस्टिकची ओळख

ओळखीची सर्वांत सोपी खूण बहुधा वस्तूच्या तळाशी किंवा आतल्या बाजूला असते. अमेरिकेतील प्लॅस्टिक उद्योगाच्या संघटनेने १९८८ मध्ये पुनर्वापरासाठी सुरू केलेल्या पद्धतीत त्रिकोणात एक अंक छापला जातो: १ म्हणजे पेट, २ म्हणजे जास्त घनतेचे पॉलिएथिलीन, ३ म्हणजे पीव्हीसी, ४ म्हणजे कमी घनतेचे पॉलिएथिलीन, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, ६ म्हणजे पॉलिस्टायरीन आणि ७ म्हणजे इतर सर्व. एबीएस, पॉलिकार्बोनेट, ॲक्रिलिक आणि नायलॉन हे सातव्या गटात मोडत असल्याने तेथे अंक पुरेसा ठरत नाही; परंतु वाहनांच्या आणि विद्युत उपकरणांच्या भागांवर पुष्कळदा प्लॅस्टिकची आद्याक्षरेच कोरलेली असतात. मोटारीच्या बंपरवर पॉलिप्रॉपिलीन आणि ईपीडीएम या रबराच्या मिश्रणाची आद्याक्षरे आढळतात, तर दुचाकीच्या बाजूच्या पॅनेलवर एबीएस किंवा पॉलिप्रॉपिलीनची.

खूण नसेल तर एक चिमूटभर तुकडा साबणाच्या पाण्यात बुडवून सोडावा. पॉलिएथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन यांची घनता पाण्यापेक्षा कमी, म्हणजे साधारण ०.९० ते ०.९७ असल्यामुळे ती तरंगतात, तर पॉलिस्टायरीन आणि एबीएस (सुमारे १.०५), नायलॉन (सुमारे १.१३), ॲक्रिलिक आणि पॉलिकार्बोनेट (सुमारे १.२), पीव्हीसी आणि पेट (सुमारे १.४) ही बुडतात. पाण्यात थोडा साबण घालण्याचा हेतू इतकाच की, तुकड्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे सुटावेत आणि फसवे तरंगणे टळावे. या एका चाचणीने सहज चिकटणारी आणि दुर्घट अशी प्लॅस्टिके वेगळी होतात, आणि घरगुती कामासाठी हीच विभागणी सर्वांत मोलाची असते. स्पर्श आणि आवाजही साक्ष देतात: पॉलिएथिलीन मेणचट लागते आणि नखाने ओरखडते, तर पॉलिस्टायरीन टिचकी मारल्यावर धातूसारखे किणकिणते आणि वाकवले की पांढरट रेघ उमटून तडकते. तुकडा जाळून ज्वालेचा रंग आणि वास पाहण्याची जुनी पद्धत घरात टाळावी, कारण पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड हा दाहक वायू सुटतो.

आणखी एक भेद ध्यानात ठेवावा लागतो. वर उल्लेखलेली सर्व प्लॅस्टिके ‘उष्णतामृदू’ आहेत, म्हणजे तापवली की मऊ होतात आणि थंड झाली की पुन्हा घट्ट होतात. लिओ बेकेलंड यांनी १९०७ मध्ये तयार केलेले बेकेलाइट आणि ताटल्यांसाठी वापरले जाणारे मेलामाइन ही ‘उष्णतादृढ’ प्लॅस्टिके होत. त्यांच्या रेणुसाखळ्या एकमेकींना कायमच्या जोडलेल्या असल्याने ती वितळत नाहीत आणि कोणत्याही विद्रावकात विरघळत नाहीत. त्यांना वितळवून किंवा विरघळवून जोडता येत नसले, तरी इपॉक्सी त्यांच्यावर चांगले बसते.

विरघळवून जोडणे

प्लॅस्टिक जोडण्याचा सर्वांत एकजीव मार्ग म्हणजे विद्रावकाचा वापर. योग्य विद्रावक दोन्ही तुकड्यांचे पृष्ठभाग किंचित मऊ करतो, दोन्हीकडील लांब रेणुसाखळ्या एकमेकींत मिसळतात आणि विद्रावक उडून गेल्यावर मध्ये वेगळा थर न उरता प्लॅस्टिक प्लॅस्टिकलाच जोडलेले राहते. प्लंबर पीव्हीसी पाइपसाठी वापरतात ते ‘सॉल्व्हंट सिमेंट’ याच तत्त्वावर चालते; त्यात टेट्राहायड्रोफ्यूरानसारख्या विद्रावकांत थोडे पीव्हीसी आधीच विरघळवलेले असते, त्यामुळे बारीक फटीही भरतात. गरम पाण्याच्या सीपीव्हीसी पाइपसाठी वेगळे सिमेंट लागते.

एबीएससाठी ॲसिटोन उपयोगी पडते. त्याच एबीएसचे बारीक तुकडे काचेच्या लहान बाटलीत ॲसिटोनमध्ये टाकून रात्रभर ठेवले, तर लापशीसारखे घट्ट मिश्रण तयार होते, आणि रिमोट, कीबोर्ड, मिक्सरचे बाहेरील कवच किंवा दुचाकीचे पॅनेल यांचे तुटलेले कोपरे, स्क्रूच्या खुंट्या आणि उडालेले कपचे त्याने भरता येतात. भरलेला भाग वरून लवकर सुकलेला दिसला, तरी आत अडकलेले ॲसिटोन बाहेर पडेपर्यंत तो मऊ राहतो, म्हणून किमान एक दिवस त्यावर जोर येऊ देऊ नये. ॲक्रिलिकच्या पाट्या आणि पेट्या बनवणारे कारागीर क्लोरोफॉर्म किंवा डायक्लोरोमिथेन वापरतात, आणि त्यांचा सांधा काचेसारखा पारदर्शक येतो. मात्र या दोन्ही द्रवांची वाफ घातक असल्याने बंद खोलीत ती वापरणे सर्वथा अयोग्य आहे.

विद्रावकाला एक काळी बाजू आहे. पॉलिकार्बोनेट आणि ॲक्रिलिक यांमध्ये साच्यातून निघतानाच अंतर्गत ताण राहिलेला असतो, आणि अशा ताणलेल्या भागाला ॲसिटोन किंवा काही चिकटद्रव्यांची वाफ लागली, तर जाळीसारख्या बारीक भेगा उमटतात. तुकड्यावर आधी एका कोपऱ्यात थेंब लावून पाहण्याची सवय म्हणूनच शहाणपणाची ठरते.

झटपट चिकटणारे सायनोॲक्रिलेट

बाजारात फेविक्विक किंवा सुपर ग्लू या नावांनी मिळणारे पातळ द्रव्य म्हणजे सायनोॲक्रिलेट. ईस्टमन कोडॅक कंपनीतील रसायनशास्त्रज्ञ हॅरी कूव्हर १९४२ मध्ये बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लॅस्टिक शोधत असताना हा पदार्थ त्यांच्या हाती आला, पण तो प्रत्येक गोष्टीला चिकटत असल्याने बाजूला टाकला गेला. १९५१ मध्ये त्यांचे सहकारी फ्रेड जॉयनर यांनी अपवर्तनांक मोजण्यासाठी तो दोन प्रिझमच्या मध्ये पसरला, तेव्हा प्रिझम एकमेकांना घट्ट चिकटले. त्याच गुणाचे मोल ओळखून १९५८ मध्ये तो ‘ईस्टमन ९१०’ या नावाने विक्रीस आला.

हे द्रव्य सुकत नाही, तर त्याचे रेणू जोडले जाऊन बहुवारिक तयार होते, आणि त्या क्रियेला चालना पृष्ठभागावरील अतिसूक्ष्म ओलाव्यामुळे मिळते. यातून वापराचे तीन नियम निघतात. पहिला, थर जितका पातळ तितका सांधा पक्का. जास्त थेंब टाकल्यास मधला भाग ओलाच राहतो. दुसरा, तुकडे एकमेकांत नेमके बसत असतील तरच ते वापरावे, कारण फट भरण्याची त्याची ताकद कमी असते. तिसरा, हवेतील आर्द्रतेप्रमाणे त्याचा वेग बदलतो: कोकणातील पावसाळ्यात ते काही क्षणांत धरते आणि त्याची वाफ आसपास बसून पांढरट डाग पडतात, तर विदर्भातील कोरड्या उन्हाळ्यात त्याला जास्त वेळ लागतो. फट भरायचीच असेल, तर खाण्याचा सोडा भुरभुरून त्यावर थेंब टाकतात. सोड्याच्या अल्कधर्मी गुणामुळे द्रव्य तत्काळ दगडासारखे होते, पण त्या वेळी उष्णता आणि झोंबणारी वाफ निर्माण होते.

एबीएस, पॉलिस्टायरीन आणि कठीण पीव्हीसी यांसाठी सायनोॲक्रिलेट उत्तम आहे. तथापि त्याचा सांधा ठिसूळ असतो; तो सरळ ओढ सोसतो, पण धक्का, वाकणे आणि सोलले जाणे सोसत नाही, साधारण ८० अंश सेल्सिअसच्या वर कमकुवत होतो आणि सतत पाण्यात राहिल्यास हळूहळू सुटतो. म्हणून शोभेची मूर्ती किंवा रिमोटचे झाकण यासाठी ते पुरे, पण बादलीच्या कडीसाठी किंवा सारख्या वाकणाऱ्या बिजागरीसाठी नाही. सुती कापडावर ते सांडल्यास भाजण्याइतकी उष्णता निर्माण होऊ शकते, आणि डोळ्यांत गेल्यास पापण्या ओढून उघडण्याचा प्रयत्न न करता कोमट पाण्याने धुऊन डॉक्टरांकडे जावे.

दोन भागांचे इपॉक्सी

जेथे फट मोठी आहे, तुकडा हरवला आहे किंवा जोर जास्त पडणार आहे, तेथे इपॉक्सी वापरावे. स्वित्झर्लंडमधील प्येर कास्टाँ यांनी १९३०च्या दशकात दंतवैद्यकासाठी त्याचा शोध लावला आणि १९४६ मध्ये बासेलच्या औद्योगिक प्रदर्शनात ‘ॲरल्डाइट’ या नावाने ते चिकटद्रव्य म्हणून लोकांसमोर आले. त्यात रेझिन आणि ‘दृढक’, म्हणजे रेझिनला घट्ट करणारा दुसरा भाग, वेगवेगळ्या नळ्यांत असतात. दोन्ही मिसळताच रेणूंची जाळी विणली जाऊ लागते. दृढक जास्त घातल्याने काम लवकर उरकते हा समज चुकीचा आहे, कारण दृढक त्या जाळीचा घटकच असतो आणि प्रमाण बिघडले की सांधा चिकट किंवा ठिसूळ राहतो. वेष्टनावर दिलेले प्रमाण काटेकोर पाळून रंग एकसारखा होईपर्यंत मिश्रण ढवळावे लागते. पाच मिनिटांत धरणाऱ्या प्रकारापेक्षा सावकाश, एका दिवसात पक्के होणारे इपॉक्सी सहसा अधिक बळकट आणि पाण्याला अधिक टिकाऊ असते. एम-सीलसारखी मळून लावायची लांबी हाही इपॉक्सीचाच प्रकार असून ती आकार देण्यासाठी आणि भोके बुजवण्यासाठी सोयीची पडते.

पांढरा फेविकॉल मात्र प्लॅस्टिकसाठी निरुपयोगी आहे. तो पाण्यात मिसळलेला पॉलिव्हिनाइल ॲसिटेट असतो. त्यातील पाणी लाकडात किंवा कागदात शोषले जाते तेव्हाच तो धरतो, आणि प्लॅस्टिक पाणी शोषत नाही. मऊ पीव्हीसी, म्हणजे रेक्झिन, पाण्याचा लवचीक पाइप किंवा फुगवायची गादी, यांना कठीण सायनोॲक्रिलेट किंवा इपॉक्सी लावू नये. या पदार्थांत मऊपणासाठी तेलकट द्रव मिसळलेला असतो, तो हळूहळू सांध्यात झिरपून चिकटद्रव्याला सोडवतो, आणि शिवाय कठीण थर वाकताच तडकतो. त्यांच्यासाठी व्हिनाइलचे खास चिकटद्रव्य किंवा पॉलियुरेथेनचे लवचीक चिकटद्रव्य योग्य ठरते.

न चिकटणारी प्लॅस्टिके

घरातील बादल्या, टब, पिंपे, गच्चीवरील पाण्याच्या टाक्या, साच्यात एकसंध ओतलेल्या खुर्च्या आणि धुलाई यंत्राचे आतील भांडे हे सारे बहुतांशी पॉलिएथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीनचे असते. त्यांची पृष्ठऊर्जा कमी असते आणि नेहमीच्या तापमानाला ती कोणत्याही घरगुती विद्रावकात विरघळत नाहीत, म्हणून वरील सर्व मार्ग येथे खुंटतात. तरीही तीन उपाय उरतात.

पहिला उपाय प्रायमरचा: पॉलिएथिलीनसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या सायनोॲक्रिलेटच्या संचात एक पातळ द्रव असतो, तो आधी लावला की द्रव्याला धरण्यासाठी आधार मिळतो. दुसरा उपाय या प्लॅस्टिकांसाठीच बनवलेल्या दोन भागांच्या ॲक्रिलिक चिकटद्रव्याचा. तो महाग असला तरी चिकटवण्याच्या उपायांत अधिक भरवशाचा आहे. तिसरा आणि सर्वांत स्वस्त उपाय वितळवून जोडण्याचा. बादल्या सांधून देणारे फिरते कारागीर गोंद न वापरता तापवलेल्या लोखंडी पट्टीने तडा वितळवतात आणि त्याच प्लॅस्टिकची पट्टी त्यात मिसळतात. घरी सोल्डरिंग गनने हेच साधता येते. पॉलिएथिलीन साधारण ११० ते १३० अंशांना आणि पॉलिप्रॉपिलीन सुमारे १६० अंशांना वितळते, आणि दोन्ही एकमेकांत मिसळत नसल्याने भर घालायची पट्टी त्याच जातीची असणे अनिवार्य असते. धूर निघू लागला तर तापमान जास्त झाले असे समजून थांबावे आणि काम मोकळ्या हवेत करावे.

सांध्याची रचना आणि पूर्वतयारी

द्रव्य अचूक निवडले तरी सांध्याची रचना चुकीची असेल तर तो टिकत नाही. चिकटद्रव्य ‘कर्तन’, म्हणजे दोन पृष्ठभाग एकमेकांवरून सरकवू पाहणारा जोर, चांगला सोसते. पण एका कडेपासून सोलणारा जोर सारा ताण एका रेषेवर आणतो आणि सांधा उकलतो. तीन मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचा ५० मिलिमीटर लांबीचा तडा केवळ कडेला कड लावून जोडला, तर चिकटण्यासाठी १५० चौरस मिलिमीटर जागा मिळते. त्याच तड्यावर आतून दोन्ही बाजूंना २० मिलिमीटर पसरणारे ठिगळ लावले, तर प्रत्येक बाजूस १,००० चौरस मिलिमीटर, म्हणजे सहापटींहून अधिक जागा मिळते, आणि जोरही सोलणारा न राहता सरकवणारा बनतो. एबीएस किंवा उष्णतादृढ भागाच्या आतून काचतंतूंची जाळी इपॉक्सीत भिजवून लावणे हे या तत्त्वाचे उत्तम रूप होय. तडा पुढे सरकू नये म्हणून त्याच्या टोकाला दोन-तीन मिलिमीटरचे गोल भोक पाडावे, कारण टोकदार भेगेच्या अग्रावर एकवटणारा ताण गोल कडेवर वाटला जातो.

पूर्वतयारी कंटाळवाणी वाटली तरी तिच्यावाचून सर्व व्यर्थ असते. साबणाच्या पाण्याने तेलकटपणा काढावा, पूर्ण वाळवावे, १२० ते २२० क्रमांकाच्या पॉलिश पेपरने पृष्ठभाग खरवडावा आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे. खरवडण्याआधी न धुतल्यास साच्यातून आलेला सिलिकोनचा अंश पृष्ठभागात अधिकच घासला जातो. इपॉक्सीच्या सांध्याला शिकंज्याने हलके दाबून धरावे, पण इतके नव्हे की सारे द्रव्य बाहेर पडेल, कारण त्याचा साधारण ०.०५ ते ०.१ मिलिमीटरचा थर सर्वांत बळकट असतो.

कोठे थांबावे

काही वस्तू चिकटवणे हेच धोक्याचे असते. तडा गेलेले हेल्मेट बाहेरून अखंड दिसू लागले तरी धक्का शोषण्याची त्याची क्षमता परत येत नाही, आणि विद्रावकाने त्याचे कवच आणखी दुबळे होऊ शकते. प्रेशर कुकरची मूठ, विजेच्या प्लगचे कवच, शिडीची पायरी, गॅसच्या जोडणीतील भाग, तान्ह्या मुलांच्या तोंडात जाणारी खेळणी आणि गरम अन्नाची भांडी यांवर घरगुती चिकटद्रव्याचा भरवसा ठेवू नये. हे भाग बदलावेत. उरलेल्या असंख्य वस्तूंसाठी मात्र दुरुस्ती हा किफायतशीर आणि पर्यावरणाला हितकारक मार्ग आहे, कारण एका लहानशा खुंटीसाठी अख्खे उपकरण कचऱ्यात जाणे टळते. यात उत्पादकांचाही वाटा आहे: प्रत्येक भागाच्या आतल्या बाजूस प्लॅस्टिकचे नाव ठळक कोरणे त्यांना फारसे खर्चाचे नाही, आणि ग्राहकांनी त्याचा आग्रह धरायला हवा. तोवर प्रत्येक वाचकाने एवढे करावे की, दुकानात चिकटद्रव्याची नळी मागण्यापूर्वी मोडलेला तुकडा उलटून त्यावरील खूण वाचावी, आणि खूण नसेल तर तो साबणाच्या पाण्यात टाकून पाहावा.